छर्रा कुणाच्या नावाचा?

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या दक्षिण भागात ओझार्कचे डोंगर आहेत. एप्रिलमध्ये तिथल्या ओक आणि हिकरीला पालवी फुटते आणि रानटर्कीचे नर माद्यांना साद घालू लागतात. शिकारी अंधार असतानाच एखाद्या जाड बुंध्याला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढतो. त्यासाठी कुणी टाळूला चिकटवायची पातळ पडद्याची शिट्टी वापरतो, कुणी पाटीच्या चकतीवर काडी घासतो. आवाज ऐकून नर झाडीतून चालत येतो. कधीकधी नराऐवजी कोयोटी येतो. मादी टर्की त्याचं खाद्य, त्यामुळे तोही त्याच हाकेला भुलतो. अशा वेळी बंदुकीत असतं टर्कीसाठी निवडलेलं काडतूस आणि समोर उभा असतो लांडग्याच्या कुळातला प्राणी.

तिथल्या शिकाऱ्यांमध्ये छऱ्याच्या मापावरून जी न संपणारी चर्चा चालते, तिचं मूळ इथे आहे. दोघांनाही चालेल असा एकच छर्रा असतो का?

टर्कीवर नेम धरतात तो डोक्यावर आणि मानेवर. धडावर दाट पिसं आणि छातीचं जाड मांस असतं. छर्रे तिथे लागले तर पक्षी घायाळ होऊन उडतो आणि कुठल्यातरी झुडपात जाऊन मरतो. डोकं आणि मान मिळून लक्ष्य फार लहान, शिवाय सतत हलणारं. तेव्हा छर्रे लहान चालतील, पण पुष्कळ हवेत आणि दाट पडायला हवेत. चांगला शिकारी हंगामाआधी कागदावर बार काढून बघतो. ४० यार्डांवर १० इंचांच्या वर्तुळात १०० छर्रे बसले, की काडतूस आणि नळी यांचं जमलं असं तो मानतो. कोयोटीचं गणित वेगळं. त्याचं केसाळ कातडं, खांद्याचे स्नायू आणि बरगड्या भेदून छर्रा काळजापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत पोचला पाहिजे. तिथे छर्रे थोडे असले तरी चालतील, पण जड हवेत. टर्कीचा छर्रा कोयोटीला लांबून मारला तर तो मरत नाही, अंगात शिसं घेऊन दिवसचे दिवस फरफटत राहतो. शिकार करावी की नाही यावर मतं वेगळी असतील, पण करायचीच असेल तर प्राणी जागच्या जागी संपला पाहिजे, यावर दुमत होऊ नये. मला छऱ्याच्या मापाची चर्चा मुळात या दयेची चर्चा वाटते, आणि तिच्यातल्या शब्दांकडे बघावंसं वाटतं तेही त्यामुळेच. कारण ही निवड शिकारी करतो ती आकड्यांच्या भाषेत, आणि ती भाषा नवख्याला चकवणारी आहे.

टर्कीच्या काडतुसांच्या डब्यांवर ४, ५ किंवा ६ हा आकडा असतो. नवख्याला वाटेल की ६ म्हणजे मोठा छर्रा. खरं तर तो तिघांत सगळ्यात लहान. अमेरिकेत छऱ्याचा नंबर १७मधून वजा केला की त्याचा व्यास शंभरांश इंचात मिळतो. ५ नंबरचा छर्रा ०.१२ इंचाचा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास. ९ नंबरचा ०.०८ इंचाचा. नंबर संपले की अक्षरं लागतात: बी, बीबी, बीबीबी, पुढे टी आणि एफ. कोयोटीसाठी सांगितला जाणारा बीबी ०.१८ इंचाचा, टी ०.२० इंचाचा. ५ नंबर आणि बीबी यांच्या व्यासात फरक दीडपटीचा, पण गोळ्याचं वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे बीबीचा एक छर्रा ५ नंबरच्या छऱ्याहून जवळजवळ साडेतीन पट जड. एका औंसात ५ नंबरचे शिशाचे छर्रे सुमारे १७० मावतात आणि बीबीचे अवघे ५०. आधीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांतच आहे. संख्या हवी तर वजन सोडावं लागतं, वजन हवं तर संख्या. मधला म्हणून कुणी २ नंबर सुचवतात. माझ्या मते तो दोघांवरही अन्याय करतो.

आकडा वाढला की वस्तू बारीक होते, ही उलटी मोजणी आपल्याकडे गिरणगावातल्या आणि इचलकरंजीतल्या माणसांना नवी नाही. ऐंशीचं सूत चाळिसाच्या सुतापेक्षा तलम असतं, कारण सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. बंदुकीच्या नळीचंही तेच. बारा बोअर म्हणजे, एक पौंड शिशाच्या एकसारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल अशी नळी. तिचा व्यास ०.७२९ इंच. वीस बोअरची नळी तिच्याहून अरुंद. अमेरिकेत बोअरऐवजी ‘गेज’ म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ नुसता ‘माप’. ‘बोअर’ मात्र इंग्रजांबरोबर इथे येऊन मुरला. मराठवाड्यात उन्हाळ्यात जो घेतात तो बोअर आणि बंदुकीचा बोअर हे एकच, दोन्हींचा अर्थ कोरून पाडलेलं भोक.

आता खरा धोक्याचा आकडा. अमेरिकन दुकानात ‘४ नंबर’ नावाच्या दोन वस्तू मिळतात. एक टर्कीचा ४ नंबर, ०.१३ इंचाचा. दुसरा ‘४ नंबर बक’, ०.२४ इंचाचा, जो कोयोटीसाठी वापरतात. आकडा एकच, पण दुसऱ्याचा एक छर्रा पहिल्याच्या सहापट भरतो. तीन इंची बारा बोअरच्या काडतुसात ४ नंबर बकचे ४१ छर्रे असतात, तर टर्कीच्या पावणेदोन औंसांच्या काडतुसात ५ नंबरचे छर्रे तीनशेच्या घरात जातात. कित्येक राज्यांत टर्कीसाठी ४ नंबरहून मोठा छर्रा वापरायला कायद्यानेच मनाई आहे. झाडीत तांबडं-निळं काही हललं म्हणून कुणी बार काढला आणि तो दुसरा शिकारीच निघाला, असे अपघात टर्कीच्या हंगामात झाले आहेत, आणि मोठा छर्रा लांबपर्यंत जीवघेणा राहतो. म्हणजे ‘४’च्या पुढचा ‘बक’ हा छोटासा शब्द वाचायचा राहिला तर कायदा मोडतो आणि माणूसही दगावू शकतो. भर म्हणून इंग्रजी आणि अमेरिकन नंबरही जुळत नाहीत. इंग्रजांचा ५ नंबर २.८ मिलिमीटरचा, तो अमेरिकेत ६ ठरतो. भारतात वळण इंग्रजी, तेव्हा इथल्या बंदुकीची सवय घेऊन तिकडे गेलेल्या माणसाने पाच नंबर मागितला तर हातात थोडा जाड छर्रा पडेल.

‘बक’ म्हणजे हरणाचा नर, आणि बकशॉट म्हणजे हरणासाठीचा छर्रा. जुन्या इंग्रजीत हंसासाठीचा ‘स्वान शॉट’, बदकांसाठीचा ‘डक शॉट’ही होता. छऱ्याला तो ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव द्यायची ही रीत इंग्रजीपुरती नाही. फ्रेंचमध्ये मोठ्या छऱ्याला ‘शेव्रोतीन’ म्हणतात, त्यात लहान हरणाचं, करडाचं नाव आहे. जर्मनमध्ये ‘रेपोस्टन’, त्यातला ‘रे’ म्हणजे युरोपातलं छोटं रो जातीचं हरीण. स्पॅनिशमध्ये छर्रा म्हणजे ‘पेर्दिगोन’, आणि पेर्दिगोनचा दुसरा अर्थ तितराचं पिल्लू. तितरावर उडवायचा म्हणून शिशाच्या दाण्यालाच तितराचं नाव मिळालं.

दुसरी रीत दिसण्यावरून नाव द्यायची. डच आणि स्वीडिश भाषांत छर्रा म्हणजे ‘हागेल’, गार. आकाशातून पडते तीच. जर्मन ‘श्रोट’ म्हणजे भरडा, जाडसर दळलेलं धान्य. रशियन ‘द्रोब’ या शब्दाच्या मुळाशी तुकडे करणं आहे, गणितातल्या अपूर्णांकालाही रशियनमध्ये तोच शब्द. अगदी बारीक छऱ्याला फ्रेंच माणूस ‘सांद्रे’ म्हणतो, राखेवरून. जर्मन त्याला ‘फोगेलडुन्स्ट’ म्हणतो, पाखरांसाठीचं धुकं. हे शब्द एकापुढे एक ठेवले की दिसतं ते असं: माणसाने आधी छऱ्याकडे पाहिलं आणि गार, भरडा, राख अशी नावं दिली, किंवा सावजाकडे पाहिलं आणि हरीण, हंस, तितर अशी नावं दिली. दोन्ही नावांत काहीतरी डोळ्यांपुढे उभं राहत होतं. नंबराने ते पुसलं. नंबर कारखान्याच्या सोयीचा आहे आणि त्याच्यावाचून आज चालणारही नाही, पण ‘तितराचा छर्रा’ म्हणणाऱ्याला चुकून तो लांडग्यावर झाडावासा वाटला नसता.

आपल्या ‘बंदूक’ शब्दात तर छऱ्याचं मापच बसलेलं आहे. अरबी ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, ते छोटं गोल कवचाचं फळ. ग्रीक लोक त्याला पोंटसचं फळ म्हणत, काळ्या समुद्राच्या काठच्या प्रदेशावरून, आणि अरबी शब्द तिथूनच आला. पुढे त्या फळाएवढ्या मातीच्या किंवा शिशाच्या गोळीलाही बुंदुक म्हणू लागले. या गोळ्या मारायचं एक धनुष्य असे, त्याने पाखरं टिपत. तेराव्या शतकात इजिप्तवर राज्य केलेला मामलुक सुलतान बैबर्स ‘अल-बुंदुकदारी’ म्हणून ओळखला जाई, कारण त्याचा पहिला धनी गोळ्यांचं धनुष्य बाळगणारा दरबारी होता. तेव्हा नळीच्या बंदुकीचा पत्ताही नव्हता. दारूचं हत्यार आलं तेव्हा गोळीचं नाव हत्याराला चिकटलं आणि फारसी-तुर्की मुलखांतून ते मराठीत आलं. आपली ‘गलोल’ही याच वाटेची दिसते. फारसीत ‘गुलूला’ म्हणजे गोळी. म्हणजे दोन्ही हत्यारांना नाव मिळालं ते त्यांतून सुटणाऱ्या वस्तूवरून.

‘छर्रा’ हा शब्द मात्र कानाने घडवलेला वाटतो. छरछर, छर्र असा जो विखरून पडण्याचा आवाज, त्यावरून तो आला असं मानतात, आणि मला ते पटतं. गार, भरडा, राख हे डोळ्यांचे शब्द. आपला शब्द आवाजाचा. मराठीत त्याने पुढे बराच प्रवास केला. सायकलच्या चाकातल्या पोलादी गोळ्या म्हणजे छर्रे. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीत घालतात तोही छर्रा. ती साधारणतः साडेचार मिलिमीटरची असते आणि या मापाचा धागा थेट आपल्या बीबीपर्यंत जातो. अमेरिकेत मुलांच्या हवेच्या बंदुका आल्या तेव्हा त्यांत शॉटगनचे बीबी मापाचेच छर्रे घालत, म्हणून तिथे ती ‘बीबी गन’ झाली.

बंदुकीभोवतीचे बाकीचे मराठी शब्द पाहिले तर त्यांत अनेक देशांचे लोक भेटतात. ‘काडतूस’ पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आलं, ते इटालियन ‘कार्तोच्चो’वरून, आणि त्याच्या मुळाशी ‘कार्ता’ म्हणजे कागद. कागदाच्या पुंगळीत दारू आणि गोळी बांधत, त्या काळाची ती खूण. ‘पिस्तूल’ही पोर्तुगिजांकडचंच. आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा करून त्यांचा मोठा कोश १९१३ साली प्रसिद्ध करणारे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो हे बार्देशातल्या आसगावचे. या शब्दांचा माग काढणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं ऋण मान्य करावंच लागतं. ‘दारू’ फारसी, मूळ अर्थ औषध. औषध, मद्य आणि स्फोटक पूड हे तिन्ही अर्थ एका शब्दाने वागवले. पुण्याजवळच्या खडकीत १८६९मध्ये उभा राहिला तो दारूगोळा कारखानाच. तिथे तयार झालेल्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं ठोकलेली असत, म्हणजे खडकीचं जुनं इंग्रजी रूप ‘किरकी’ आणि ‘फॅक्टरी’.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘बार’. बंदुकीत भरलेला दारू-गोळीचा ऐवज म्हणजे बार, आणि तो उडाल्याचा आवाजही बारच. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं, संस्कृत ‘भार’चा सख्खा भाऊ, ‘बारदान’ शब्दात तो अजून त्याच अर्थाने राहतो. आपला बंदुकीचा बार त्याच घरातला असणार असं मला वाटतं, कारण अमेरिकन शिकारीही तीच कल्पना वापरतो. टर्कीच्या काडतुसाला तो ‘टर्की लोड’ म्हणतो, म्हणजे टर्कीचा भार. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता नळीला ओझं वाहायला लावलं. कोकणात ठासणीची बंदूक अजून माहितीची आहे. शेतीला रानडुकरांचा उपद्रव होतो म्हणून पीकसंरक्षणाचे परवाने तिथे घरोघर सांभाळलेले असतात. नळीच्या तोंडातून दारू, बोळा, छर्रे असं सगळं गजाने ठासायचं, म्हणून ती ठासणीची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. शब्द मात्र गेले नाहीत. आजही सभा ठासून भरते, मुद्दा ठासून सांगितला जातो, योजनेचा फुसका बार निघतो आणि वैशाखात लग्नाचा बार उडवून देतात. ‘नेम’ तर संस्कृत ‘नियम’मधून आला. व्रताचा नेम आणि बंदुकीचा नेम हे एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्हींत मन एका ठिकाणी स्थिर ठेवण्याची अट आहे.

शिकारीला आपला जुना शब्द ‘पारध’. ‘शिकार’ फारसीतून नंतर आली. पारधेचं मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’, पाप अधिक ऋद्धी, पापाची भरभराट. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात पापर्द्धीचं ‘पारद्धी’ कसं होतं याचा नियमच देऊन ठेवला आहे. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना शिकारीच्या कर्माचं ओझं ठाऊक होतं. मराठी ओठांवर ‘पाप’ झिजून ‘पार’ झालं आणि ओझं दिसेनासं झालं.

सावजांच्या नावांची गोष्टही सांगायला हवी. टर्की आणि कोयोटी, दोघेही अमेरिका खंडाचे. मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेत टर्कीच्या नराला ‘वेशोलोत्ल’ म्हणत, कोयोटीला ‘कोयोत्ल’. स्पॅनिश लोकांनी दोन्ही शब्द घेतले, पण युरोपभर पसरताना कोयोटीचं नाव टिकलं आणि टर्कीचं हरवलं. इंग्रजांना तो पक्षी तुर्कस्तानाकडून आल्यासारखा वाटला, कारण गिनीफाउल नावाची दुसरी कोंबडी त्या वाटेने येत असे आणि तिचं नाव याला लागलं. तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंचांचा ‘दँद’ म्हणजे हिंदचाच. डच ‘काल्कून’ तर थेट कालिकतचा कोंबडा. पोर्तुगिजांसाठी तो ‘पेरू’, त्या देशावरून. आपल्या पेरूच्या फळाचा याच्याशी संबंध नसावा. फळाचं नाव पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती यावरून आलं असं मानतात.

हिंदचा म्हणून जगभर मिरवणारा हा पक्षी हिंदुस्थानात आला तो गोव्याच्या वाटेने. जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्याला पाठवलं होतं, तिथे परदेशातून काय काय अपूर्वाईचं उतरतं ते घेऊन यायला. १६१२ साली तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर एक टर्की होता. जहांगीर निरखून पाहणारा माणूस. आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलं की पक्षी लांडोरीहून मोठा आणि मोराहून लहान आहे, माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवतो, आणि त्याच्या डोक्यामानेचे रंग सारखे बदलत असतात. नाव मात्र दरबारात कुणालाच सांगता आलं नाही. चित्रकार मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ओझार्कमधला शिकारी ज्या तांबड्या-निळ्या-पांढऱ्या मानेवर नेम धरतो, तीच मान मन्सूरने बारकाव्यांनिशी रंगवली. मला हे चित्र मोगल चित्रकलेतल्या उत्तमांपैकी वाटतं. नाव माहीत नसलेल्या पक्ष्याकडे इतक्या प्रेमाने पाहता येतं, हे त्यात दिसतं.

कोयोटीला शास्त्रीय नाव दिलं टॉमस से या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने, १८२३ साली: कॅनिस लॅट्रन्स, भुंकणारा कुत्रा. रात्री माळावरून येणारा त्याचा आवाज प्रवाशांच्या आधी कानी पडे आणि मग तो दिसे. आपल्या कोल्ह्याचं नावही आवाजाचंच आहे. संस्कृत ‘क्रोष्टु’ म्हणजे ओरडणारा, प्राकृतात त्याचं ‘कोल्हुअ’ झालं आणि मराठीत ‘कोल्हा’. कोयोटी मराठीत सांगायचा झाला तर लांडगा म्हणावं की कोल्हा, हा प्रश्न पडतो. वंशाने तो लांडग्याला जवळचा. पण अंगकाठी, काहीही खाऊन जगायची चतुराई आणि मुख्य म्हणजे ती सामूहिक कोल्हेकुई पाहता मी त्याला कोल्ह्याच्या पंगतीला बसवीन. गंमत अशी की ‘कोल्हेकुई’ला मराठीत हिणवायचा अर्थ चिकटला, तर अमेरिकेतल्या कित्येक मूलनिवासी कथांत कोयोटी हा जग घडवणाऱ्यांपैकी एक आहे.

आता परत शिशाकडे. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली एक पेटंट घेतलं. किंचित आर्सेनिक घातलेलं वितळलेलं शिसं उंचावरून चाळणीतून सोडायचं. पडता पडता थेंब गोल होतात, घट्ट होतात आणि खाली पाण्याच्या हौदात जमतात. त्यासाठी उंच मनोरे उभे राहिले. बाल्टिमोरमधला १८२८चा विटांचा मनोरा २३४ फुटी, अजून उभा आहे. वॉट्सचा धंदा प्लंबरचा, आणि प्लंबर हा शब्द लॅटिन ‘प्लंबम’ म्हणजे शिसं यावरून आला. गवंड्याच्या ओळंब्यालाही इंग्रजीत त्याच मुळाचा शब्द आहे. मराठी ओळंबा मात्र ‘अवलंब’वरून, लोंबतो म्हणून ओळंबा. आपण धातूकडे पाहिलं नाही, दोरीकडे पाहिलं.

शिशाचे दिवस आता भरत आले आहेत. पाणथळीतली बदकं खड्यांबरोबर छर्रे गिळून विषबाधेने मरत, म्हणून १९९१पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्याला देशभर बंदी आहे. कॅलिफोर्नियाने २०१९पासून सगळ्याच शिकारीत शिसं बंद केलं. तिथे मेलेल्या जनावरांतलं शिसं गिधाडांच्या कुळातल्या काँडोरच्या पोटात जात होतं. बदली आलेलं पोलाद हलकं, त्यामुळे शिशाच्या ४ नंबरऐवजी पोलादाचा २ नंबर घ्यावा असा ठोकताळा निघाला. मग आला टंगस्टन. स्वीडिश ‘तुंग स्तेन’ म्हणजे जड दगड. शिशाची घनता ११.३, टंगस्टनच्या छऱ्यांची १८च्या आसपास. एरवी छोट्या पाखरांसाठी असणारा ९ नंबर टंगस्टनमध्ये शिशाच्या ५ नंबराएवढा खोल शिरतो, आणि आज पुष्कळ शिकारी टर्कीवर तोच वापरतात. त्याच धातूचं जर्मन नाव ‘वोल्फ्राम’, त्यात वोल्फ म्हणजे लांडगा आहे. कथिल वितळवताना हे खनिज बरंचसं कथिल खाऊन टाकी, म्हणून सॅक्सनीच्या खाणकामगारांनी लांडग्याचं नाव दिलं असं सांगतात.

धातूगणिक नंबराचा अर्थ बदलू लागला. डब्यांवर मात्र आता प्राण्याचं नाव आणि चित्रही ठळक दिसतं. टर्की लोडवर पिसारा फुलवलेला नर, कोयोटी लोडवर कान टवकारलेला कोयोटी. बकशॉट केव्हाच एक शब्द होऊन गेला. टर्की लोड अजून दोन शब्दांतच लिहितात.